मोजलेल्या मरणांचे देणे

दिवाळी उलटली की जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात कोयत्यांच्या टोळ्या उतरतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि बागायतीच्या कडेला, मोकळ्या रानात, पाचटाच्या व प्लॅस्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. या कोपीतील स्त्री पहाटेच्या अंधारात उठते, भाकरी थापते, फडात जाते, नवऱ्याने तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. जेथे कोपी आहे त्या गावच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव नसते, कारण ती त्या गावची रहिवासी नव्हे. तिच्या स्वतःच्या गावच्या वहीत ते असते. पण वर्षातले पाच-सहा महिने ती तेथे नसते. अशी ही स्त्री दोन वह्यांच्या मधल्या जागेत राहते. तिला अंगावरून रक्त जाऊ लागले, स्तनात गाठ लागली, मिश्रीने तोंडाच्या आत पांढरा चट्टा उठला, तर तो कोणी पाहावयाचा?

हाच प्रश्न तालुक्याच्या दुसऱ्या टोकासही आहे. डिंभे धरणाच्या पाण्यामागे, आहुप्याच्या कड्यापर्यंत पसरलेल्या महादेव कोळी, ठाकर व कातकरी वाड्या-वस्त्यांतील बाईस मंचर किंवा घोडेगाव गाठणे म्हणजे एक दिवसाची मजुरी गमावणे. तिकडे रोपणीच्या दिवसांत आणि इकडे तोडणीच्या दिवसांत दवाखाना म्हणजे चैन.

अशा वेळी एखाद्या परिषदेत कोणी विद्वान उठतो आणि म्हणतो की, ग्रामीण समाजात कर्करोगाची पूर्वतपासणी कशी वाढवावी व उपचारानंतरची शुश्रूषा कशी सुधारावी, यावर आधी संशोधन झाले पाहिजे. हे वाक्य ऐकले की आम्हास संताप येतो. संशोधनाविषयी आमच्या मनात अढी नाही. बुद्धीने पाहावे, परीक्षा करून स्वीकारावे, ही आमची शिकवण आहे. परंतु हे संशोधन एकदा झाले आहे. ते याच महाराष्ट्रात, आमच्याच बायकांवर झाले आहे, आणि त्याचा खर्च कोणी कशाने भरला हे विसरून पुन्हा पाटी कोरी करण्याचा अधिकार कोणासही नाही.

तो इतिहास थोडक्यात असा. १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालवला. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. खेड्यांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटास एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यास पॅप चाचणी, तिसऱ्यास व्हिनेगर लावून डोळ्यांनी करावयाची तपासणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणीसाठी बोलावण्यात आले नाही. आठ वर्षांनी मृत्यू मोजले. विषाणू-चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या होत्या; चौथ्या गटात ६४. २००९ साली हा निष्कर्ष जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: आयुष्यात एकदा केलेली एक चाचणी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते.

मुंबईत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांच्या २० समूहांत असाच दुसरा अभ्यास केला. त्यास अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पैसा होता. ३५ ते ६४ वयाच्या ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार वेळा, तपासणी झाली. ७६,१७८ स्त्रियांना रोगाची माहिती सांगितली, तपासणी दिली नाही. तपासणी करणाऱ्या कोण होत्या? डॉक्टर नव्हेत; शालान्त शिक्षण झालेल्या, चार आठवडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयमुखास पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील व्हिनेगरचाच सत्त्वांश, लावावयाचा, एक मिनिट थांबावयाचे, आणि पांढरा डाग उठतो का ते पाहावयाचे. एवढ्या साध्या कृतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली शिकागोच्या परिषदेत हे जाहीर झाले तेव्हा संशोधकांनीच हिशेब मांडला की, ही तपासणी देशभर केली तर भारतात वर्षास २२,००० स्त्रियांचे प्राण वाचतील. टाळ्या झाल्या. २०१३ पासून आजवर किती वर्षे झाली, ती वाचकांनी आपल्या बोटांवर मोजावीत.

आता त्या चौथ्या गटाकडे वळू. मुंबई, उस्मानाबाद व तमिळनाडूतील दिंडिगल असे तीन अभ्यास मिळून १,३८,६२४ स्त्रिया तपासणीविना ठेवण्यात आल्या. त्यांतील निदान २५४ या एकाच रोगाने वारल्या. हा आकडा एरिक सुबा या अमेरिकन वैद्याने २०१४ साली भारतातील वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात मांडला आणि विचारले की, पॅप चाचणीचा उपयोग जगास अर्धशतक माहीत असताना या बायकांना काहीच का दिले नाही? त्याच्याच तक्रारीवरून अमेरिकन सरकारच्या देखरेख कार्यालयाने मुंबईच्या अभ्यासातील संमतिपत्रात स्त्रियांना पुरेशी माहिती दिली नसल्याचे नमूद केले होते. पॅप चाचणी नावाची वस्तू जगात आहे व ती अन्यत्र मिळू शकते, हे ज्या स्त्रीस ठाऊकच नाही, तिचा अंगठा कशास संमती देतो?

संशोधकांचे उत्तर आम्ही काळजीपूर्वक वाचले आहे. ते म्हणतात: आम्ही कोणाकडून काही काढून घेतले नाही. भारतात पूर्वतपासणी प्रचारात नव्हतीच. त्या प्रदेशातील प्रचलित सेवा म्हणजे शून्य. तुलनागटास तेवढी सेवा मिळाली.

या युक्तिवादाचा आवाज आम्ही पूर्वी ऐकलेला आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात वादींचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. तळे नगरपालिकेचे असेल, ठराव झाला असेल. परंतु अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, सबब आम्ही त्यांच्याकडून काही काढून घेत नाही, जे नव्हते ते नाही एवढेच म्हणतो! १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने ही वहिवाट सिद्ध होत नाही असे ठरवून दावा निकालात काढला. अन्यायाची वहिवाट पडली म्हणजे तो न्याय ठरत नाही, हे त्या दाव्याने आम्हास शिकवले. आज तोच शब्द वैद्यकाची टोपी घालून आला आहे. 'प्रचलित सेवामान' म्हणजे वहिवाट. ते शून्य कोणी प्रचलित केले? मुंबईच्या झोपडपट्टीत ते शून्य होते. त्याच मुंबईत, हाकेच्या अंतरावर, पैसे मोजणाऱ्या बाईस पॅप चाचणी मिळत होती. म्हणजे सेवामान देशाचे नव्हते, वस्तीचे होते. या अभ्यासांतील स्त्रियांची जात कोणती याचा आकडा आमच्यासमोर नाही. पण मुंबईच्या झोपड्यांत आणि मराठवाड्याच्या गावकुसाबाहेर कोण राहते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

न्यायाने बोलावयाचे तर हेही लिहिले पाहिजे की, या अभ्यासांतील माणसे दुष्ट नव्हती. बार्शीच्या रुग्णालयाने १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवली. खेडोपाडी जाऊन रोगाची लक्षणे सांगितल्याने बायका लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, हे त्यांनीच दाखवून दिले. उन्हातान्हात हिंडणाऱ्या त्या सेविकांचे उपकार आम्ही मानतो. तुलनागटातील चौसष्टच्या चौसष्ट स्त्रिया वाचल्या असत्या असाही आमचा दावा नाही. त्यांचाच हिशेब निम्म्यांविषयी बोलतो. परंतु सज्जनांच्या हातून झालेल्या व्यवहारातही देणे शिल्लक राहते. या स्त्रियांच्या मरणांतून जे ज्ञान मिळाले ते ज्ञान त्यांच्या लेकींच्या उपयोगी पडले असते तर निदान ते देणे फिटू लागले असते. १९९९ साली जी तिशीची होती तिची लेक आज स्वतः तिशी ओलांडून गेली आहे. मराठवाड्यातली ती लेक एखाद्या हंगामात जुन्नरच्या फडात मोळी उचलत असेल. तिची तपासणी झाली आहे काय?

सरकार म्हणेल, झाली. २०१६ साली केंद्राने नियम काढले की, तिशीवरील प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुख, स्तन व तोंड या तिन्ही कर्करोगांसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी. कागद उत्तम आहे. त्यानंतर २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले: गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे काय? शंभरात दोघींनीही होकार दिला नाही. देशाचा आकडा १.९ टक्के. स्तनाच्या तपासणीचा ०.९.

आशाताई घरोघर जाऊन एक अर्ज भरते. गाठ आहे का, अंगावर जाते का, तंबाखू खाता का. अर्ज हा तपासणीचा उंबरठा आहे. परंतु आमच्या राज्यकारभारात उंबरठ्यावर उभ्या केलेल्या माणसास घरात आला असे मोजण्याची जुनी खोड आहे. अर्ज भरला, संगणकात नोंद चढली, आकडा वाढला. पुढे आरोग्य केंद्रात पडद्याआडची जागा, टेबल, दिवा आणि शिकलेली परिचारिका आहे की नाही, डाग दिसला तर त्याच दिवशी उपचार करणारे कोणी आहे की नाही, हे त्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

मग शिबिरे भरतात. मंडप, फलक, पुढाऱ्यांची छायाचित्रे, हारतुरे. शिबिराविषयी त्याच संशोधनाने काय शिकवले ते हे आयोजक कधी वाचतील? उस्मानाबादेत व्हिनेगरची तपासणी एकदाच झाली. तीत मृत्यूंची घट सिद्ध झाली नाही. मुंबईत तीच तपासणी चार वेळा झाली, तेव्हा ती सिद्ध झाली. म्हणजे विषाणूची चाचणी एकदा केली तरी फळ देते, व्हिनेगर पुन्हा पुन्हा यावे लागते. स्तनाचेही तसेच. मुंबईच्या त्याच अभ्यासाचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली निघाला: सेविकेने हाताने केलेल्या नियमित तपासणीने पन्नाशीवरील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले; सर्व वयांचा एकत्र विचार करता मात्र ठाम घट दिसली नाही. इतके बारीक, इतके उपयोगी ज्ञान आमच्या बायकांनी देशास दिले. त्या ज्ञानाचे आम्ही काय केले? वर्षातून एक शिबीर.

जेथे खरी तपासणी नाही तेथे भीतीचा धंदा फोफावतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेले. शासनाच्या समितीसमोर जी पाहणी आली तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींना सांगण्यात आले होते की, पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल. नवराबायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळीचे दुखणे, पांढरे जाणे, घरी न्हाणीघर नाही, आणि वर कॅन्सरचे नाव. कर्ज काढून बाईने पोट फाडून घेतले. व्हिनेगरचा एक बोळा आणि एक मिनिट यांनी ज्या शंकेचे निरसन झाले असते, तिच्यापायी विशी-तिशीतील बायकांनी अवयव गमावले. ज्यांना तपासणीची गरज आहे त्यांना ती मिळत नाही आणि ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही त्यांना ती मिळते, यास आरोग्यव्यवस्था म्हणावयाचे असेल तर लूट कशास म्हणावयाचे?

आता जी वाचली तिच्याविषयी. याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत.

समजा निदान झाले. महात्मा फुले यांच्या नावाची शासकीय योजना रुग्णालयातील उपचारांचे पैसे देते, आणि ती देते याबद्दल आम्हास समाधान आहे. किरणोपचारासाठी पुणे वा मुंबई गाठावी लागते. आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. त्या काळात बाईने कोठे राहावे, सोबतच्या माणसाने काय खावे, घरच्या म्हशीस वैरण कोणी घालावी, हे योजनेच्या कागदात बसत नाही. तरीही ती उपचार पुरे करते आणि गावी परत येते. दप्तरात तिची नोंद 'उपचार पूर्ण' अशी होते, आणि तेथे तिची गोष्ट संपते.

वास्तविक तेथे ती सुरू होते. स्तनाची शस्त्रक्रिया होताना काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या हातास सूज येऊ शकते. त्या हाताने जड ओझे उचलताना जपावे, जखमेस जपावे, व्यायाम करावा, पट्टी बांधावी. सांगणारे बरोबर सांगतात. पण जिचा हात म्हणजेच जिची भाकरी, जी नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोची क्रेट उचलते, कांदा काढते, चिखलात भाताची रोपे लावते, तिने तो हात कसा जपावयाचा? गर्भाशयमुखावर किरणे घेतलेल्या बाईस लघवीची जळजळ, शौचातून रक्त, अकाली पाळी जाणे, नवऱ्याजवळ जाताना वेदना, हे सारे होऊ शकते. त्यावर उपाय आहेत, परंतु ते विचारावे कोणाला? तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्यास जबडा उघडत नाही. भाकरी कालवून, पातळ करून गिळावी लागते. पुन्हा तपासणीस जावयाचे तर पुन्हा पुणे, पुन्हा एस.टी., पुन्हा खाडा. पहिल्या वर्षी ती जाते. दुसऱ्या वर्षी जात नाही. रोग उलटला की मग लोक म्हणतात, बायका शेवटच्या अवस्थेत येतात, अडाणी आहेत!

आणि घरात? घरात तिचे ताट वेगळे होते. पेला वेगळा होतो. हा रोग शिवल्याने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे शास्त्राने केव्हाच सांगितले आहे. तरी पेला वेगळा होतो. इतरांस हा अडाणीपणा वाटेल. आम्हास तो ओळखीचा वाटतो. वेगळ्या पेल्याचा अर्थ आमच्या आजोबा-पणजोबांस विचारा. ज्या घरांनी तो पेला फेकून देण्यासाठी पिढ्या घालवल्या त्यांपैकीही काही घरांत आज आईसाठी, सुनेसाठी तो परत काढला जातो, ही लाजेची गोष्ट आम्ही आमच्याच वाचकांपुढे मांडतो, कारण ती येथेच मांडली पाहिजे. आजारी भिक्षूस सोबत्यांनी टाकून दिलेले पाहून तथागतांनी स्वतः त्यास स्नान घातले, ही कथा विहारात सांगावयाची आणि घरी आल्यावर भांडे वेगळे ठेवावयाचे, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही.

पैसा कोठून आणावा, हा नेहमीचा प्रश्न. प्रकल्पाचा पैसा प्रकल्पाबरोबर जातो, हे आम्ही पाहिले. तीन वर्षांचे अनुदान, तीन वर्षांची सेविका, चौथ्या वर्षी कुलूप. जुन्नरच्या डोंगरांत ज्यांनी लेणी व पाण्याच्या पोढी खोदवल्या, त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी होती, यवन होते. त्यांच्या काळातील लोकांस दान कसे टिकवावे हे आपल्याहून अधिक कळत होते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एका स्त्रीचा लेख आहे. विष्णुदत्ता तिचे नाव. शकांच्या घरची उपासिका. तिने तेथील श्रेणींकडे, त्यांत तेल्यांची एक होती, कायमची ठेव ठेवली, ती कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. मुद्दल तसेच राहील, व्याजातून औषध येत राहील. सतराशे वर्षांपूर्वी एका बाईस सुचले की, औषध एकदा देऊन भागत नाही; आणि कोट्यवधींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्यांस ते सुचू नये!

या दोन तालुक्यांत अशी ठेव कोणापाशी मागावी? ज्या उसावर कारखाने चालतात त्याच उसापाशी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे आणि त्यासाठी टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यावयाचे ठरले आहे. त्या पैशातून गाळपाच्या हंगामात प्रत्येक टोळीच्या तळावर परिचारिका जावी. खाडा न पडता, भरपगारी वेळेत, तपासणी व्हावी. विषाणूची चाचणी मिळत असेल तर तीच व्हावी, कारण जी बाई पुन्हा कोठल्या जिल्ह्यात भेटेल याचा नेम नाही तिच्यासाठी एकदाच पुरणारी चाचणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच चाचणीची शिफारस केली आहे, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो असेही सांगितले आहे. मग कोपीत पडदा नाही ही सबब उरत नाही. निकालाचा कागद बाईच्या हाती असावा आणि तो बीडच्या आरोग्य केंद्रातही चालावा, मंचरच्याही. डिंभ्याच्या मागच्या वाड्यांसाठी वाहन जावे. आणि मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक वार उपचार घेऊन परतलेल्यांसाठी राखावा, जेथे सुजलेला हात पाहिला जाईल, पट्टी मिळेल, जबड्याचा व्यायाम शिकवला जाईल आणि दुखते कोठे हे बाई बाईला सांगू शकेल.

संशोधन करणाऱ्यांनी मग अवश्य यावे. त्या दिवशी किती आल्या, किती आल्या नाहीत, का आल्या नाहीत, हे त्यांनी लिहून घ्यावे. परंतु या वेळी चौथा गट असणार नाही.

या दोन तालुक्यांत बिबट्याने माणसावर हल्ला केला की वनखाते धावते, पिंजरा लागतो, पंचनामा होतो, भरपाई मिळते. पकडलेल्या बिबट्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्रही आहे. ते असावे. त्याच उसात बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून मोळी बांधणारी बाई दुसऱ्या कशाने मेली तर तिचा पंचनामा कोठल्या खात्याने करावयाचा, एवढेच आम्ही जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागास विचारतो. टोळ्या परत निघण्यापूर्वी, गाळप चालू असतानाच, याचे उत्तर आम्हास लेखी हवे आहे.